कात्रीच्या मुठीतला हात

मोठ्या सरांनी तिला माफ केलं, त्या सकाळी तिने सूड घ्यायचं ठरवलं. त्याआधी चौदा वर्षं ती नुसती चरफडत होती. ठरवलं असं काही नव्हतं.

ती डिझाइन कॉलेजात एर्गोनॉमिक्स शिकवायची. वस्तू माणसाच्या अंगाला बसली पाहिजे, वस्तूसाठी माणसाने अंग मोडून घ्यायचं नाही, एवढाच तो विषय. पण तो शिकवायला तिला खुर्च्या, चमचे, दारांच्या मुठी, पायऱ्या आणि माणसांची हाडं एवढं सगळं लागायचं. खांद्यावरच्या पिशवीत कायम एक मोजपट्टी आणि जाडी मोजायचा एक कॅलिपर. कँटीनमध्ये नवे बाक आले तेव्हा तिने बसायच्या आधी त्यांची उंची मोजली आणि मग चहा उभ्यानेच घेतला. मुलं तिला पाठीमागे मापबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या सकाळी ती प्रयोगशाळेत हाताचा आकार टिपणाऱ्या स्कॅनरची काच पुसत होती. प्राचार्य एका पाहुण्यांना घेऊन आत आले. पांढरे केस मागे वळवलेले, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, आवाज अजून तसाच भरदार. कॉलेजला संचालक नेमायचा होता आणि नियामक मंडळाच्या मनात मोठे सरच होते, हे सगळ्यांच्या कानावर आलं होतं. तिच्याही आलं होतं. पण कानावर येणं वेगळं आणि माणूस समोर उभा राहणं वेगळं.

"अरे, तू इथे?" मोठे सर म्हणाले. "किती वर्षं झाली गं?"

"चौदा."

"बघा," ते प्राचार्यांकडे वळले. "ही माझ्या ऑफिसात होती. हुशार मुलगी. एकदा मापांत गफलत केली बिचारीने, फार निस्तरावं लागलं आम्हाला." मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, पण प्राचार्यांना ऐकू जाईल इतकाच. "मी ते केव्हाच मनातून काढून टाकलंय. माफ केलं तुला. आता आपल्याला एकत्र काम करायचंय, काय?"

"बरं, सर," ती म्हणाली.

ते दोघे पुढच्या खोलीत गेले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हातातलं फडकं काचेवरून तसंच गोल गोल फिरत राहिलं.

चौदा वर्षांपूर्वी ती मोठ्या सरांच्या डिझाइन ऑफिसात नवी नवी लागली होती. एका कंपनीला फुलं कापायची कात्री हवी होती. काचेच्या छपराखाली फुलं वाढवणारे मोठमोठे मळे होते, तिथे बायका दिवसाला दोन-दोन हजार देठं कापायच्या. तिची ताई त्यांतलीच एक. आई लवकर गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, शिकवलं, आणि ते सगळं देठं कापून केलं. त्यामुळे हे काम आपल्या वाट्याला आलं याचा धाकटीला कोण अभिमान. ती तीन आठवडे मळ्यात जाऊन बसली. चाळीस बायकांचे हात मोजले. तळव्याची रुंदी, अंगठ्याची लांबी, बोटांची जाडी, मूठ किती उघडते, किती वेळाने दुखते. ताईचा हात तिने सगळ्यांत आधी मोजला. ताई म्हणाली होती, "शाळेच्या गणवेशासाठी मी तुझी मापं घ्यायचे, आता तू माझी घे."

ती मापं मोठ्या सरांच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. कात्रीची मूठ त्यांनी मातीत घडवली, स्वतः, चार दिवस खोलीचं दार लावून. "हाताला कळतं," असं ते म्हणायचे. "आकडे कारकुनांसाठी असतात." मूठ दिसायला इतकी देखणी झाली की तिला पारितोषिक मिळालं, आणि एका मासिकाच्या मुखपृष्ठावर मुठीचा फोटो आला. सातव्या महिन्यात मळ्यातल्या बायकांचे अंगठे सुजायला लागले. वर्षाच्या शेवटी चाळिसांतल्या सव्वीस जणी पट्टे बांधून काम करत होत्या. कंपनीने विचारणा केली तेव्हा मोठ्या सरांनी पत्र लिहिलं, की मापं एका नवख्या साहाय्यिकेने घेतली होती, ती सदोष निघाली, साहाय्यिकेला कामावरून कमी केलं आहे.

म्हणजे खापर तिच्या डोक्यावर फुटलं. मापांचे कागद ऑफिसातच अडकले होते, ते तिला परत मिळाले नाहीत. सहा ठिकाणी नोकरी मागायला गेली, सहाही ठिकाणी ते पत्र तिच्या आधी पोचलेलं असायचं. पण ते एक वेळ जाऊ दे. मळ्यातल्या बायकांना वाटलं की हिनेच घात केला. आपल्यातली म्हणून हिच्या हातात हात दिले, आणि हिने चुकीची मापं लिहून नेली. ताईच्या अंगठ्याची दोन ऑपरेशनं झाली. त्यानंतर अंगठा हातावर नुसता बसून राहिला, पाहुण्यासारखा, कामाला हात न लावता. ताई बटण लावू शकत नव्हती, बरणीचं झाकण फिरवू शकत नव्हती. "कुणाला अंगठा दाखवायचीसुद्धा सोय राहिली नाही," असं ती लोकांना हसत सांगायची. धाकटी घरात असली की मात्र हा विनोद करायची नाही.

असं सगळं असताना त्या माणसाने तिला माफ केलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सत्राचं काम दिलं. बारा मुलं होती. तिने टेबलावर एक जुनी कात्री ठेवली. ताईच्या घरातल्या खालच्या खणातून आणलेली. कंपनीचं नाव तिने कानशीने घासून काढलं होतं.

"आजवर तुम्ही हाताचं माप घेऊन मूठ बनवलीत," ती म्हणाली. "या वेळी उलट करायचं. मूठ स्कॅन करा आणि ती कोणत्या हातासाठी बनलीय ते शोधा. तो हात मला थ्री-डी प्रिंटरवर छापून हवा. आणि दुसरीकडे, जे हात ही कात्री रोज वापरायचे, ते प्रत्यक्ष जाऊन स्कॅन करा. तेही छापा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघू."

"कात्री कुणी बनवलीय?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिला सगळे वकिलीणबाई म्हणायचे, कारण परीक्षेतल्या प्रत्येक गुणासाठी ती पुराव्यानिशी भांडायची.

"बाजारातली आहे."

"कंपनीचं नाव घासलेलं दिसतंय."

"नाव वाचून हात शोधायचा नाहीये," मापबाई म्हणाली. "मोजून शोधायचाय."

वकिलीणबाईने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मापबाईच्या मनात एक बारीक काटा बोचला. खोटं ती सहसा बोलत नसे. पण तिने तो काटा तसाच राहू दिला.

मुलं कामाला लागली. कात्रीची मूठ गुळगुळीत आणि चकचकीत होती, स्कॅनरचा उजेड तिच्यावरून परतायचा आणि पडद्यावर नुसती भोकं दिसायची. म्हणून त्यांनी मुठीला अंगाला लावायची पावडर चोळली. मग पडद्यावर ती ठिपक्याठिपक्यांनी उमटली आणि ठिपक्यांची जाळी झाली. मुठीला बोटांसाठी चार खाचा होत्या आणि वर अंगठ्याची कडी. साच्यात प्लॅस्टर ओतून मूर्ती काढावी तसा त्या खाचांमधून हात काढायचा होता. खाचांच्या रुंदीवरून बोटांची जाडी कळते, कडीच्या अंतरावरून अंगठ्याची लांबी. मापबाई त्यांच्या पाठीशी उभी राहून सांगायची, "इथे खाच रुंद आहे. म्हणजे बोटाचा सांधा जाड. बाईचा असेल का? ठरवू नका, मोजा."

हात स्कॅन करायला मुलं मळ्यातल्या बायकांच्या घरी गेली. चाळिसांतल्या तेरा जणींचा पत्ता लागला. दोघींनी मापबाईचं नाव ऐकून दार लावून घेतलं. वकिलीण परत येऊन म्हणाली, "मॅडम, त्या म्हणाल्या की तुमच्या मॅडमने एकदा मोजलंय, तेवढं पुरे झालं. याचा अर्थ काय?"

"अर्थ आहे," मापबाई म्हणाली. "सत्र संपल्यावर सांगेन."

ताईच्या घरी ती मुलांसोबत स्वतः गेली. ताईने स्वयंपाकघरातलं टेबल पुसून ठेवलं होतं. मुलांनी तिच्या मनगटावर खुणेचे छोटे गोल ठिपके चिकटवले आणि हात चाळीस सेकंद स्थिर ठेवायला सांगितलं. हात थरथरत होता. पहिल्या वेळी पडद्यावर सहा बोटं आली.

"बघा, एवढ्यात एक वाढलं," ताई म्हणाली. "अजून चार वेळा केलंत तर मी दोन माणसांचं काम करीन."

मुलं हसली. तिसऱ्या खेपेला स्कॅन नीट आला. मुलं खाली गेल्यावर ताईने ठिपके एकेक करून सोलले, डाव्या हाताने.

"माझी कात्री कशाला नेलीस?"

"शिकवायला."

"धाकटे, मी तुला लहानपणापासून ओळखते. तू शिकवताना ओठ असे आवळत नाहीस."

तेव्हा तिने सांगितलं. मोठे सर आले होते, खांद्यावर हात ठेवला, माफ केलं म्हणाले. ताईने सगळं ऐकलं. मग उठून खणातून एक जुना पट्टा काढला, मनगटाला बांधायचा, कडा झिजलेला, आणि धाकटीच्या पिशवीत टाकला.

"हापण ने," ती म्हणाली. "आणि अर्धवट काही करू नकोस. करायचं तर पुरं कर."

बारा दिवसांनी वकिलीण आणि तिचा जोडीदार लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत आले. "मॅडम, काहीतरी चुकतंय," वकिलीण म्हणाली. "तीन बोटं नीट येतात. अंगठा येतो. पण करंगळी वाकडी येते. शेवटची खाच आतल्या बाजूला वळलीय आणि खोल आहे. आम्ही चार वेळा स्कॅन केलं. सरळ करंगळी तिथे बसतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून टाकू का?"

मापबाईने पडदा स्वतःकडे फिरवला. मोठा, जाड सांध्यांचा, पुरुषाचा उजवा हात. करंगळी मधल्या पेरापासून तळव्याकडे वळलेली, कधीकाळी मोडून तशीच जुळलेली असावी तशी.

तिला एकदम मोठ्या सरांचा चहाचा कप आठवला. ऑफिसात सगळे त्यावरून हळूच हसायचे. बाकीचे लोक कप धरताना करंगळी बाहेर काढतात, सरांची आत लपते, म्हणायचे. लहानपणी झाडावरून पडले होते ते. त्यांनी मूठ आपल्या हाताच्या अंदाजाने केली असावी असा तिला संशय होताच. पण इतकं तिला सुचलं नव्हतं. त्या माणसाने ओली माती आपल्या मुठीत दाबली होती आणि जे उमटलं ते जसंच्या तसं चाळीस बायकांच्या हातात दिलं होतं. आपल्या मोडक्या करंगळीसकट.

चौदा वर्षं ती कुठेतरी मनाच्या तळाशी स्वतःलाही विचारत आली होती, की मोजताना खरंच माझं काही चुकलं होतं का. त्या क्षणी तो प्रश्न संपला. आणि तो संपल्यावर उरला तो निव्वळ राग, स्वच्छ, कशाचीही भेसळ नसलेला.

"सरळ करू नका," ती म्हणाली. "जशी येते तशी छापा."

"पण असा हात कुणाचा असेल?" जोडीदाराने विचारलं.

"वर्षाअखेरच्या प्रदर्शनात आपण येणाऱ्या प्रत्येकाचा हात स्कॅन करू," वकिलीण उत्साहाने म्हणाली. "पडद्यावर या हातावर ठेवून बघू. जिथे जुळेल तिथे हिरवं, नाही जुळणार तिथे लाल. लोकांना मजा येईल. कुणाचा बसतोय का बघू."

कल्पना तिचीच होती, मापबाईने ती सुचवली नव्हती. मापबाईने त्यात फक्त एका वाक्याची भर घातली. "सुरुवात प्रमुख पाहुण्यांपासून करा. फीत कापायच्या ऐवजी हात स्कॅन करून उद्घाटन."

"त्यांना आवडेल?"

"आवडेल," ती म्हणाली. "त्यांना आपला हात दाखवायला फार आवडतं."

प्रमुख पाहुणे मोठे सर आहेत, हे मुलांना ठाऊक होतं. कात्री कुणाची, हे नव्हतं. तिने सांगितलं नाही. वकिलीणबाई दारातून वळून एकदा तिच्याकडे बघून गेली, तेव्हाही सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दालन भरलं. मुलांचे आईबाप, दुसऱ्या कॉलेजांचे लोक, नियामक मंडळाच्या अध्यक्षबाई, प्राचार्य नव्या कोटात. लांब टेबलावर छापलेले अकरा हात ठेवले होते, राखाडी, थरांच्या रेषा स्पष्ट दिसणारे. प्रत्येकापुढे एक चिठ्ठी. फुलं कापण्याची वर्षं, अंगठ्याची लांबी, कधीपासून दुखतं. ताईच्या हाताशेजारी तो झिजका पट्टा. टेबलाच्या टोकाला बारावा हात, एकटा, पांढरा, आणि त्याच्यापुढे "हा हात कुणाचा?" एवढंच लिहिलेलं. अकरा हात कात्रीत घालून बघता येत होते. एकाचाही अंगठा कडीपर्यंत पोचत नव्हता, तोकडा पडायचा. पांढरा हात लोण्यात सुरी जावी तसा आत जायचा.

मोठे सर आले, सगळ्यांना नमस्कार करत, मुलांच्या पाठी थोपटत. कात्री मागच्या बाजूला काचेच्या उघड्या पेटीत होती. त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"सर, इथे हात ठेवा," वकिलीण म्हणाली. "चाळीस सेकंद हलवायचा नाही."

"माझा हात कधीच हलत नाही," ते म्हणाले आणि लोक हसले.

स्कॅनरचा निळसर उजेड त्यांच्या हातावरून फिरला. मापबाई भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे. मोठ्या पडद्यावर आधी पांढरा हात आला. मग त्यावर हळूहळू मोठ्या सरांचा हात सरकत आला आणि रंग भरायला लागला. अंगठा हिरवा. तळवा हिरवा. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. शेवटी करंगळी, मधल्या पेरापासून आत वळलेली, टोकापर्यंत हिरवीगार. खाली आकडा आला, एक मिलिमीटरच्या आत जुळणी, सत्त्याण्णव टक्के.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा आनंद खरा होता. त्यांनी नुसत्या मुठीवरून जिवंत माणूस शोधून काढला होता, आणि तोही पहिल्याच झटक्यात. "सापडला," कुणीतरी म्हणालं. आईबापांनीही टाळ्या वाजवल्या. मोठे सरही हसत होते, अजून कळलं नव्हतं म्हणून.

"कसला आहे हा खेळ?" त्यांनी विचारलं.

"या कात्रीवरून काढलाय हात," वकिलीण म्हणाली आणि काचेची पेटी पुढे आणली.

मोठ्या सरांनी कात्री बघितली. मग पडदा बघितला. मग दालनभर नजर फिरवली आणि ती भिंतीपाशी येऊन थांबली. मापबाईने नजर वळवली नाही. त्या नजरेसाठीच ती चौदा वर्षं थांबली होती. त्यात ओळख होती आणि भीती होती, दोन्ही पुरेपूर.

टाळ्या विरल्या. वकिलीण पडद्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून मापबाईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती.

"सर," तिने विचारलं, "ही कात्री तुम्ही बनवलीत?"

"फार जुनी गोष्ट आहे," मोठे सर म्हणाले. त्यांनी हात मागे घेतला होता. "माझ्या ऑफिसचं काम होतं. त्यात मापांचा घोळ झाला. एका साहाय्यिकेने चाळीस बायकांची मापं चुकीची घेतली. तेव्हाच ते जाहीर केलंय मी."

वकिलीणबाईने वही उघडून आकड्यांवर बोट ठेवलं. गुणांसाठी भांडताना ती असंच करायची.

"चाळीस बायकांची मापं चुकली," ती सावकाश म्हणाली, "तर एका पुरुषाचा हात कसा येईल? आणि तोही तुमचाच? मापं चुकली असती तर करंगळी लहान आली असती नाहीतर मोठी आली असती. मोडलेली कशी येईल?"

अध्यक्षबाई टेबलापाशी गेल्या. त्यांनी ताईचा हात उचलला, पेटीतल्या कात्रीत घातला, अंगठा कडीपर्यंत पोचतो का बघितलं, पोचला नाही. मग चिठ्ठी वाचली, पट्टा हातात घेऊन बघितला, आणि सगळं जागच्या जागी ठेवलं. मग मोठ्या सरांकडे न बघता त्या आपल्या खुर्चीकडे परत गेल्या.

मोठ्या सरांनी भाषण केलं, कारण कार्यक्रमपत्रिकेत ते होतं. डिझाइन आणि संवेदनशीलता असा विषय होता. वीस मिनिटांचं भाषण सहा मिनिटांत उरकलं. तेवढा वेळ उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि कागदाची पानं ते डाव्या हाताने उलटत होते. एक पान खाली पडलं. उचलायला कुणी पुढे झालं नाही. मापबाई सगळ्यांत जवळ उभी होती.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताईने सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. टाळ्यांचा भाग दोनदा.

"माफी मागितली का त्याने?"

"नाही."

"तू मागायला लावलीस?"

"नाही."

"बरं केलंस," ताई म्हणाली. "मागितली असती तर लोक म्हणाले असते, आता सोडा. मला नाही सोडायचं." मग तिने विचारलं, "पान पडलं ते कुठपर्यंत गेलं? टेबलाखाली?"

"टेबलाखाली."

"मग वाकला तो?"

"वाकला."

ताई डाव्या हाताने टेबल पुसायला लागली. तिच्या तोंडावर जे होतं त्याला समाधान म्हणता आलं असतं, पण ते अंगठ्यापर्यंत पोचत नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. नंतरच्या आठवड्यात मळ्यातल्या त्या दोघींपैकी एक, जिने दार लावून घेतलं होतं, ताईच्या घरी आली आणि धाकटीसाठी निरोप ठेवून गेली, की तिला हात मोजायचा असेल तर ये म्हणावं.

संचालकपदाचं पुढे काही झालं नाही. मोठ्या सरांनी प्रकृतीचं कारण देऊन नाव मागे घेतलं, असं परिपत्रक निघालं. प्राचार्यांनी मापबाईला बोलावून घेतलं.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"तुम्ही माझ्याकडे येऊ शकला असतात. मंडळाला पत्र लिहू शकला असतात."

"पत्राचा अनुभव आहे मला," ती म्हणाली. "ज्याचं नाव मोठं, त्याचं पत्र आधी पोचतं."

"तुम्ही मुलांना हत्यार केलंत."

ती पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली.

त्याचा जाब विचारायला वकिलीण स्वतःच आली, दोन दिवसांनी, हातात दोन पानं घेऊन. ती बसली नाही.

"मी तक्रार लिहिलीय," ती म्हणाली. "तुमच्याविरुद्ध. देण्याआधी तुम्हाला दाखवावी असं वाटलं."

मापबाईने पानं घेतली. तक्रार अगदी नीट लिहिली होती. आम्ही काढलेला निष्कर्ष खरा आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत, असं पहिल्या पानावर होतं, सगळ्या मोजमापांसह. दुसऱ्या पानावर होतं, की ज्या कामात आमच्या शिक्षिकेचा जुना हिशोब गुंतला होता ते काम आम्हाला न सांगता आमच्याकडून करून घेतलं गेलं. आम्ही एका माणसाला सर्वांसमोर उघडं पाडलं आणि टाळ्या वाजवल्या, तेव्हा आपण काय करतोय हे आम्हाला माहीत नव्हतं.

"तुम्ही सांगितलं असतंत तरी मी केलं असतं," वकिलीण म्हणाली. "त्या बायकांच्या घरी मी गेलेय. मी जास्तच जोरात केलं असतं. मग विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणशील अशी भीती वाटली."

"मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी एकटीने केलं असतं. पण मग कुणी विश्वास ठेवला नसता."

वकिलीणबाईने मान हलवली, पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. "परत असं कराल?"

मापबाईने पानं टेबलावर ठेवली. "त्यांच्याशी, हो. उद्यासुद्धा. तुमच्याशी नाही."

पहिल्या पानावर एका ठिकाणी अंगठ्याची लांबी चुकीची पडली होती, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. तिने ते दाखवलं. वकिलीणबाईने खोडून दुरुस्त केलं. मग मापबाईने दोन्ही पानांखाली 'वाचलं, यातील मजकूर खरा आहे' असं लिहून सही केली आणि पानं परत दिली.

तिला एक वर्ष वर्ग मिळाला नाही. तिची बसण्याची जागा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत झाली, जिथे खुर्ची चार बोटं जास्तच उंच होती. पहिल्या दिवशी तिने पिशवीतून मोजपट्टी काढली आणि खुर्चीचे पाय मोजले. मग सुताराला बोलावून आणलं.